ॲब्लेशनने गुण येईल का? अंदाज बांधण्याची रीत



"डॉक्टर, एवढा खर्च करून, एवढ्या वयात हे करून घ्यायचे, तर गुण नक्की येईल ना?" हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी ॲब्लेशन सुचवले गेले की घरातले कोणीतरी हा प्रश्न हमखास विचारते. बहुधा रुग्ण स्वतः विचारत नाही. मुलगा, सून किंवा पत्नी विचारते. मोठ्या रुग्णालयातून 'शंभरातल्या सत्तर जणांना फायदा होतो' असा एक आकडा मिळालेला असतो. तो घेऊन मंडळी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे येतात. त्यांना जाणून घ्यायचे असते ते एवढेच, की आपले माणूस त्या सत्तरांतले की उरलेल्या तिसांतले.

हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर भविष्य सांगितल्यासारखे ठामपणे देता येत नाही, पण ते निव्वळ दैवाधीनही नाही. मी हृदयरोगतज्ज्ञ नाही, कुटुंबाचा डॉक्टर आहे. हृदयात नळी घालणारे हात दुसऱ्यांचे असतात. परंतु त्या दिवसाच्या आधीची आणि नंतरची कित्येक वर्षे रुग्ण आमच्यासमोर असतो. ॲब्लेशनच्या यशाचा बराचसा भाग त्या दोन-तीन तासांत नव्हे, तर याच वर्षांत ठरत असतो. म्हणूनच हा अंदाज कसा बांधतात आणि त्यातले काय बदलणे आपल्या हाती असते, हे रुग्णाला व त्याची काळजी वाहणाऱ्यांना ठाऊक असले पाहिजे.

आजार आणि उपचार, थोडक्यात

हृदयाचे चार कप्पे असतात: वर दोन अलिंदे, खाली दोन निलये. उजव्या अलिंदातल्या एका लहानशा पेशीसमूहातून विजेचा संदेश निघतो, तो वरून खाली पसरतो आणि हृदय एका तालात आकुंचन पावते. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजेच डॉक्टरांच्या बोलण्यातले 'एएफ', या विकारात हा ताल बिघडतो. अलिंदांत मिनिटाला ३५० ते ६०० इतके विस्कळीत संदेश फिरू लागतात. अलिंदे आकुंचन पावण्याऐवजी नुसती थरथरत राहतात. त्यातले काही संदेश वेडेवाकडे खाली पोचतात आणि मनगटावरची नाडी बेताल लागते. कोणाला धडधड जाणवते, कोणाला जिना चढताना दम लागतो, कोणाला केवळ थकवा येतो, तर कित्येकांना काहीच जाणवत नाही. थरथरणाऱ्या अलिंदात रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. एएफ असलेल्या व्यक्तीला हा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो.

१९९८ साली फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल आइसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एएफ सुरू करणारे आगंतुक संदेश नेमके कोठून निघतात, हे त्यांनी शोधले. त्यांना सापडलेल्या ६९ उगमस्थानांपैकी ९४ टक्के उगमस्थाने फुप्फुसांतून डाव्या अलिंदात रक्त आणणाऱ्या शिरांमध्ये होती. आजचे ॲब्लेशन या शोधावर उभे आहे. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयात नेतात, दोन अलिंदांमधल्या पडद्यातून ती डाव्या बाजूला सरकवतात आणि त्या शिरांच्या मुखांभोवती व्रणाचे कडे तयार करतात. हे कडे म्हणजे विजेला ओलांडता न येणारे कुंपण. शिरांमधला गोंधळ शिरांमध्येच कोंडला जातो.

हे कुंपण उष्णतेने, अतिशीत फुग्याने किंवा अलीकडच्या पद्धतीत विजेच्या अत्यंत अल्पकालीन स्पंदांनी घालता येते. 'कोणते यंत्र चांगले?' या चिंतेत कुटुंबे फार वेळ घालवतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ७६२ रुग्णांच्या युरोपीय चाचणीत उष्णता आणि शीत या दोन पद्धतींच्या परिणामकारकतेत लक्षणीय फरक आढळला नाही. यंत्रापेक्षा रुग्णाच्या अलिंदाची अवस्था अधिक बोलते.

आधी ठरवू या, यश कशाला म्हणायचे

'सत्तर टक्के यश' हे शब्द ऐकून बहुतेकांना वाटते, की सत्तर जण बरे झाले आणि तीस जणांचे पैसे व कष्ट वाया गेले. तसे नाही. संशोधनात यशाची व्याख्या फार कडक असते. सुरुवातीचे दोन-तीन महिने सोडले, तर त्यानंतर तीस सेकंदांहून अधिक काळ एएफ एकदा जरी नोंदले गेले, तरी तो रुग्ण 'अपयशी' गणला जातो. वर्षभरात एकदा, अर्धा मिनिट. रुग्णाला कदाचित कळलेसुद्धा नसेल.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका चाचणीत ३४६ रुग्णांच्या त्वचेखाली ठोक्यांची अखंड नोंद ठेवणारे लहान यंत्र बसवले होते. वर्षअखेर या कडक व्याख्येनुसार यशस्वी ठरले ते जेमतेम ५२ ते ५४ टक्के. पण एएफमध्ये जाणारा एकूण वेळ मोजला, तेव्हा तो तिन्ही गटांत ९८ टक्क्यांहून अधिक घटलेला होता. एकाच अभ्यासातले हे दोन्ही आकडे खरे आहेत. एक कुटुंब पहिला आकडा ऐकून हिरमुसेल, दुसरे कुटुंब दुसरा ऐकून हुरळून जाईल.

म्हणून टक्केवारी विचारण्याआधी आपल्याला काय हवे आहे, ते घरात बसून ठरवा. धडधड थांबायला हवी, की पहाटे फिरायला जाण्याची ताकद हवी? इस्पितळाच्या वाऱ्या कमी व्हायला हव्यात, की ठोक्यांची गोळी सोसत नाही म्हणून तिच्यातून सुटका हवी? यातल्या प्रत्येक अपेक्षेचे उत्तर वेगळे असते. 'रक्त पातळ करणारी गोळी कायमची बंद व्हावी' ही अपेक्षा असेल तर आधीच सावध राहा. त्याविषयी पुढे लिहिलेच आहे.

अंदाज कशाच्या आधारे बांधतात

पहिला आधार, एएफचा प्रकार. झटका येतो आणि सात दिवसांच्या आत आपोआप किंवा उपचाराने थांबतो, तो अधूनमधून येणारा प्रकार. सात दिवसांहून अधिक टिकतो, तो चिवट प्रकार. वर्षभराहून अधिक काळ सतत चालू असेल, तर तो दीर्घकालीन चिवट प्रकार. पहिल्या प्रकारात ॲब्लेशनला सर्वांत चांगला प्रतिसाद मिळतो. चिवट प्रकारात यश कमी, आणि अधिक भाजण्याने ते वाढेल असेही नाही. २०१५ साली ५८९ चिवट एएफच्या रुग्णांवरील चाचणीत केवळ शिरांभोवती कुंपण घातलेल्यांपैकी ५९ टक्के रुग्ण दीड वर्षानंतर एएफमुक्त होते. त्याखेरीज अलिंदात आणखी रेषा वा ठिपके भाजलेल्या गटांत हे प्रमाण ४६ आणि ४९ टक्के होते. जादा भाजण्याचा लाभ दिसला नाही.

दुसरा आधार, आजाराचे वय. एएफ जितके जुने, तितके अलिंद त्याला सरावलेले. एएफ स्वतःच अलिंदात असे बदल घडवते, की पुढचे एएफ अधिक सहज टिकते. 'मुलीचे लग्न झाले की बघू', 'पुढच्या दिवाळीनंतर पाहू' असे करता करता सहा-सात वर्षे निघून गेलेली मी अनेक घरांत पाहिली आहेत. काही महिने तयारीत गेले तर बिघडत नाही. पण वर्षामागून वर्षे गेली तर अंदाज पालटतो.

तिसरा आधार, डाव्या अलिंदाची अवस्था. आपल्या इको अहवालात 'एलए' असे लिहून त्यापुढे मिलिमीटरमध्ये एक आकडा असतो. तो साधारण चाळिशीच्या आत असेल तर ठीक. जसजसा तो वाढतो, तसतसे अलिंद ताणले गेले आहे असे समजावे. ताणाबरोबर स्नायूत व्रणासारखे तंतू भरतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या २६० रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात एमआरआयने हे तंतू मोजले होते. अलिंदाच्या भिंतीत १० टक्क्यांहून कमी तंतू असलेल्यांमध्ये सुमारे अकरा महिन्यांत विकार परतण्याचे प्रमाण १५ टक्के होते. ३० टक्क्यांहून अधिक तंतू असलेल्यांमध्ये ते ५१ टक्के होते. ही खास तपासणी सर्वत्र होत नाही, आणि निर्णयासाठी ती अत्यावश्यकही नाही. पण इकोमधला तो साधा आकडा किती बोलका आहे, हे यावरून कळावे.

चौथा आधार, झडपा आणि हृदयाची ताकद. आपल्या देशात याचे महत्त्व विशेष आहे. २०११-१२ मध्ये भारतातील २४ केंद्रांत नोंदलेल्या १५३७ एएफ रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना ऱ्हुमॅटिक, म्हणजे लहानपणीच्या सांधेतापातून उद्भवणारा, झडपांचा विकार होता. मायट्रल झडप आकुंचित असेल तर अलिंदावरचा दाब कायम राहतो. अशा वेळी नुसत्या ॲब्लेशनने काय साधणार? आधी झडपेचा विचार करावा लागतो. ॲब्लेशनच्या बहुतेक मोठ्या चाचण्यांत असे रुग्ण घेतलेले नव्हते. म्हणून परदेशी टक्केवारी त्यांना जशीच्या तशी लावू नये.

पाचवा आधार, सोबतचे विकार. उच्च रक्तदाब, स्थूलता, मधुमेह, झोपेत श्वास अडकणे, मूत्रपिंडाची मंद गती, मद्यपान, वाढलेले थायरॉइड हे सारे अलिंदाला रोज थोडे थोडे इजा करत असतात. कुंपण उत्तम घातले, पण इजा चालूच राहिली, तर अलिंदात नवे उगमस्थान तयार होते.

गुण मांडून अंदाज करता येतो का?

वरील आधारांतून डॉक्टरांनी काही गुणतक्ते बनवले आहेत. जर्मनीतील लाइपझिग येथे तयार झालेला 'ॲपल' हा त्यांतला समजायला सोपा. त्यात वय ६५ हून अधिक, चिवट प्रकार, मूत्रपिंडाची गाळण्याची गती ६० पेक्षा कमी, डावे अलिंद ४३ मिलिमीटर वा अधिक आणि हृदयाची पंपिंग क्षमता ५० टक्क्यांहून कमी, या प्रत्येकाला एक गुण असतो. येथे गुण जितके अधिक, तितकी विकार परतण्याची शक्यता अधिक.

समजा, ६८ वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. एएफ आठ महिन्यांपूर्वी कळले, झटके अधूनमधून येतात, अलिंद ३८ मिलिमीटर, बाकी सारे ठीक. त्यांना वयाचा एकच गुण. दुसरे ६८ वर्षांचेच एक गृहस्थ. सहा वर्षांचे जुने, चिवट एएफ, अलिंद ४९ मिलिमीटर, मूत्रपिंडाची गती ५२. त्यांना चार गुण. वय एकच, आजाराचे नाव एकच, पण 'शंभरात सत्तर' हे वाक्य दोघांना सारखे लागू करणे म्हणजे दोघांचीही दिशाभूल करणे होय.

तरीही या तक्त्यांची मर्यादा ओळखा. ज्यांचा विकार परतला असा एक रुग्ण आणि ज्यांचा परतला नाही असा एक रुग्ण, यांच्या जोडीतून पहिला कोणता, हे हे तक्ते दहापैकी साधारण सहा-सात वेळा अचूक सांगतात. डोळे मिटून सांगितले तरी दहातले पाच बरोबर येतात. म्हणजे तक्ता अंधारात कंदील दाखवतो, सूर्यप्रकाश नाही. चार गुणांचे गृहस्थ पुढची दहा वर्षे तालात राहू शकतात आणि एका गुणाच्या बाईंना सहा महिन्यांत पुन्हा धडधड होऊ शकते.

आणखी एक बाब, जी कुटुंबे सहसा लक्षात घेत नाहीत. यशाची शक्यता आणि लाभाचे मोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ३६३ रुग्ण होते. सर्वांची पंपिंग क्षमता ३५ टक्के किंवा त्याहून कमी. तक्त्यानुसार हे कठीण रुग्ण. पण मृत्यू किंवा हृदय निकामी होऊन इस्पितळात दाखल होणे, यांचे प्रमाण ॲब्लेशन झालेल्यांत २८.५ टक्के, तर औषधांवर ठेवलेल्यांत ४४.६ टक्के आढळले. ज्यांच्यात ताल पूर्ण टिकण्याची खात्री कमी, त्यांनाच थोड्या सुधारणेचाही आधार मोठा. तेव्हा 'गुण जास्त आले, म्हणून नकोच' असा निर्णय तक्ता पाहून घरीच घेऊ नका.

अंदाज बदलणे आपल्या हाती

वय मागे नेता येत नाही आणि गेलेली वर्षे परत येत नाहीत. पण पाचव्या आधारातले जवळजवळ सारे काही बदलता येते, आणि ते बदलले की ॲब्लेशनचा निकालही बदलतो.

ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे या विषयावर सातत्याने काम झाले आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासात ॲब्लेशन झालेल्या काही रुग्णांचे वजन, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, झोपेतला श्वास, धूम्रपान व मद्यपान यांच्यावर काटेकोर उपचार केले गेले. इतरांना नेहमीचा सल्ला मिळाला. गरजेप्रमाणे झालेल्या सर्व ॲब्लेशननंतर पहिल्या गटातले ८७ टक्के एएफमुक्त राहिले, तर दुसऱ्या गटातले सुमारे १८ टक्के. हा अभ्यास लहान होता आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते; पण एवढी तफावत दुर्लक्ष करण्यासारखी नाही. पुढच्याच वर्षी तेथूनच आलेल्या ३५५ स्थूल व्यक्तींच्या अभ्यासात वजन १० टक्के वा अधिक घटवून ते टिकवणाऱ्यांची एएफमुक्त राहण्याची शक्यता सहापट आढळली. ऐंशी किलोच्या व्यक्तीसाठी हे आठ किलो होतात. ते दोन महिन्यांत उपाशी राहून नव्हे, तर वर्षभरात सावकाश उतरवायचे असतात. मात्र जे मुळात कृश आहेत, ज्यांचे स्नायू वयोमानाने झडले आहेत, त्यांनी वजन घटवण्याच्या मागे लागू नये. त्यांना प्रथिने आणि चालणे हवे.

झोपेकडे लक्ष द्या. हे काम शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीचेच. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबून दचकून जाग येणे, दिवसा पेपर वाचता वाचता डुलकी लागणे, या तक्रारी असतील तर डॉक्टरांना सांगा आणि झोपेची तपासणी करून घ्या. उपचार न झालेला हा विकार ॲब्लेशननंतर एएफ परतण्याचे एक ठळक कारण आहे. त्यासाठीचा नाकावरचा मास्क सुरुवातीला जाचक वाटतो, पण त्याची सवय होते.

मद्याविषयी स्पष्टच सांगतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत नियमित मद्यपान करणारे १४० एएफ रुग्ण होते. ज्यांना मद्य सोडण्यास सांगितले त्यांच्यात सहा महिन्यांत एएफ परतण्याचे प्रमाण ५३ टक्के होते, तर पीत राहिलेल्यांत ७३ टक्के. 'थोडीशी हृदयाला चांगली असते' हे वाक्य एएफ असलेल्या घरात उच्चारू नये.

आणि रक्तदाब. एएफमध्ये प्रत्येक ठोका कमीअधिक जोराचा असतो, म्हणून घरच्या यंत्रावरचा एकच आकडा फसवा असू शकतो. पाच मिनिटे शांत बसून, एकेका मिनिटाच्या अंतराने तीनदा मोजा व सरासरी लिहून ठेवा. ही वही तज्ज्ञांकडे जाताना बरोबर न्या.

वय आणि 'न करण्याचा' मार्ग

केवळ सत्तरी ओलांडली म्हणून ॲब्लेशनचा दरवाजा बंद होत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या २२०४ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत निम्मे रुग्ण ६८ वा त्याहून अधिक वयाचे होते. औषधोपचारांच्या तुलनेत ॲब्लेशनने मृत्यू, पक्षाघात यांसारख्या घटना कमी होतात, असे त्या चाचणीत सिद्ध झाले नाही. परंतु एएफ परतण्याचे प्रमाण घटले आणि रोजच्या जगण्याची प्रत सुधारली. म्हणून ज्येष्ठांनी ॲब्लेशनकडे पाहावे ते मुख्यतः त्रास कमी करणारा उपचार म्हणून. वर सांगितलेले अशक्त हृदयाचे रुग्ण याला अपवाद.

याचाच दुसरा अर्थ असा, की ज्यांना एएफचा त्रास जवळजवळ जाणवत नाही, त्यांनी ॲब्लेशन नाकारले तर काही पाप केले असे होत नाही. ठोक्यांची गती गोळ्यांनी आटोक्यात ठेवायची आणि गुठळी टाळायची गोळी नियमित घ्यायची, हाही मान्यताप्राप्त मार्ग आहे. २००२ साली ४०६० रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत औषधांनी ताल राखणे आणि केवळ गती राखणे, या दोन मार्गांच्या मृत्युप्रमाणात लक्षणीय फरक दिसला नव्हता. मात्र २०२० साली २७८९ रुग्णांच्या युरोपीय चाचणीत, निदानानंतर वर्षभराच्या आत ताल राखण्याचे उपचार सुरू केलेल्यांना हृदयविकाराच्या गंभीर घटना कमी झाल्या. म्हणजे 'नको' म्हणायचे असेल तर तेही लवकर, नीट विचारून म्हणा. टोलवाटोलवी करून नव्हे.

ॲब्लेशनमध्ये धोके आहेतच. जांघेत रक्त साकळणे सर्वांत सामान्य. हृदयाभोवती रक्त साचण्याची घटना शंभरात साधारण एकाच्या घरात, पक्षाघात त्याहून कमी. अनुभवी केंद्रात ही प्रमाणे घटतात. म्हणून रुग्णालयाच्या इमारतीपेक्षा 'आपण वर्षाला अशी किती ॲब्लेशन करता?' हा प्रश्न महत्त्वाचा. तो विचारण्यात उद्धटपणा नाही.

ताल आला, तरी गोळी थांबवू नका

या लेखातली एकच गोष्ट ध्यानात ठेवायची झाली, तर ती ही ठेवा. ॲब्लेशननंतर नाडी सुरळीत लागू लागली, की घरात आनंद होतो आणि महिन्याभरात कोणीतरी म्हणते, "आता बरे झाले, मग रक्त पातळ करायची गोळी कशाला?" ॲब्लेशननंतर किमान दोन-तीन महिने ही गोळी प्रत्येकाला घ्यावीच लागते, कारण आत ताजे व्रण असतात. त्यानंतर ती चालू ठेवायची की नाही, हे नाडी किती सुरळीत आहे यावरून नव्हे, तर पक्षाघाताच्या धोक्यावरून ठरते. वय, रक्तदाब, मधुमेह, अशक्त हृदय, पूर्वीचा पक्षाघात यांचे मोजमाप ॲब्लेशनने बदलत नाही. शिवाय रुग्णाला न जाणवणारे झटके येतच असू शकतात. पंचाहत्तरीच्या पुढच्या बहुतेकांची गोळी चालूच राहते. ती केवळ लिहून देणाऱ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून थांबवावी. शेजाऱ्याच्या सल्ल्याने वा औषध महाग पडते म्हणून परस्पर कधीही नाही. किंमत परवडत नसेल तर तसे सांगा, पर्याय काढता येतो.

नंतरच्या आठवड्यांत घरच्यांनी काय पाहावे

पहिल्या दोन-तीन महिन्यांत धडधड परतली तर खचू नका. व्रण भरत असताना अलिंद चिडलेले असते. या काळातले झटके म्हणजे अपयश नव्हे. काहींना मात्र पुढे दुसऱ्यांदा ॲब्लेशन लागते, याचीही मनाची आणि खर्चाची तयारी आधीच असावी.

पुढील लक्षणे मात्र घरी थांबण्याची नाहीत: छातीत तीव्र कळ, वाढता दम, चक्कर येऊन कोसळणे, बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे, हातापायातली शक्ती जाणे, जांघेतली सूज वाढणे. आणखी एक लक्षण फसवे आहे. पहिल्या आठवड्यापासून दोन महिन्यांपर्यंत केव्हाही ताप आणि गिळताना दुखणे सुरू झाले, तर ॲब्लेशन केलेल्या रुग्णालयात तातडीने जा. अलिंदाच्या मागेच अन्ननलिका असते. तिला झालेली इजा हजारात एकाहूनही कमी जणांत जीवघेणी ठरते, पण ती वेळीच ओळखावी लागते. अशा वेळी घशातून दुर्बीण घालून तपासणी परस्पर करवून घेऊ नका. 'ॲब्लेशन झाले आहे' हे वाक्य पहिल्याच डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा.

तज्ज्ञांकडे जाताना हे प्रश्न लिहून न्या

१. माझे एएफ कोणत्या प्रकारचे आणि अंदाजे किती जुने आहे?

२. माझ्या डाव्या अलिंदाचे माप काय, झडपा कशा आहेत?

३. माझ्यासारख्या रुग्णांत एका ॲब्लेशननंतर वर्षभराने काय आढळते, आणि आपण यश कशाला म्हणता?

४. दुसऱ्यांदा करावे लागण्याची शक्यता किती? विमा त्याचाही खर्च देईल का?

५. तारीख ठरवण्याआधी मी वजन, रक्तदाब, साखर, झोप यांत काय सुधारावे, आणि त्यासाठी किती काळ थांबणे सुरक्षित आहे?

६. रक्त पातळ करणारी गोळी माझ्या बाबतीत पुढे चालू राहील का?

७. ॲब्लेशन केले नाही, तर दुसरा मार्ग कोणता?

थायरॉइडची तपासणी, अलीकडचा इको, मूत्रपिंडाचा अहवाल, जुने ईसीजी, चालू गोळ्यांची यादी आणि रक्तदाबाची वही एका पिशवीत तारीखवार लावून न्या. धडधडीच्या वेळचा ईसीजी असेल तर तो सर्वांत वर ठेवा.

'गुण येईल का?' या प्रश्नाचा काही भाग अलिंदाने आधीच ठरवून ठेवलेला असतो, काही भाग तज्ज्ञांच्या कौशल्यावर असतो, आणि उरलेला रोजच्या ताटात, झोपेत, फिरण्यात नि वेळेवर घेतलेल्या गोळीत असतो. हा तिसरा भाग रुग्णाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या ताब्यात आहे. त्याची सुरुवात ॲब्लेशनच्या तारखेची वाट न पाहता करता येते.